अनुदान संपल्यावर : नांदेड-लातूरच्या स्थानिक इतिहासाची नवी मांडणी

संयोजकांनी आम्हाला जो विषय लिहून पाठवला तो असा : 'निधीअभावी विस्कळीत झालेल्या स्थानिक इतिहासाच्या जाळ्याची पुनर्रचना'. या एका ओळीत तीन गृहीतके आहेत. जाळे होते. ते निधीवर चालत होते. निधी आटला म्हणून ते विस्कटले. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे उत्तराकडे जाण्याआधी गृहीतक तपासायची खोड काही जात नाही. तेव्हा पैसा होता त्या काळात नेमके काय चालले होते, ते आधी बघू.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत स्थानिक इतिहासाचे काम करतो कोण? महाविद्यालयांतले इतिहासाचे प्राध्यापक, काही निवृत्त शिक्षक, गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये, एखादा वकील, एखादा पत्रकार, आणि नाणी-मूर्ती-पोथ्या गोळा करणारी चार वेडी माणसे. ही मंडळी एकत्र भेटतात ती मराठवाडा इतिहास परिषदेच्या अधिवेशनात, एखाद्या चर्चासत्रात, नाहीतर सतरा सप्टेंबरच्या झेंडावंदनाला. यात पैशाचा मुख्य ओघ यायचा तो विद्यापीठ अनुदान आयोगाकडून, लघु संशोधन प्रकल्प आणि चर्चासत्रांच्या रूपाने. बारावी पंचवार्षिक योजना ३१ मार्च २०१७ ला संपली, पुढे पंचवार्षिक योजनाच राहिल्या नाहीत, आणि कंधार, उदगीर, देगलूर, अहमदपूर अशा ठिकाणच्या महाविद्यालयांपर्यंत पोचणारा हा पैसा आटला. ग्रंथालयांचे अनुदान चालू आहे, पण त्यात ग्रंथपालाचा पगार भागवतानाच नाकी नऊ येतात. शिवाय लातूरच्या शिकवण्यांच्या लाटेत बऱ्याच ग्रंथालयांची मोठी दालने अभ्यासिका होऊन गेली. त्यात वाईट काही नाही, पोरांना बसायला जागा हवीच. पण गावचा इतिहास विचारायला आलेल्या माणसाला तिथे आता खुर्ची मिळत नाही, हेही खरे.

आता या पैशातून निघाले काय ते बघा. दोन दिवसांचे राष्ट्रीय चर्चासत्र. विषय बहुधा 'मुक्तिसंग्रामात अमुक तालुक्याचे योगदान'. उद्घाटन, शाल, श्रीफळ, बीजभाषण, जेवण, मग एका सत्रात वीस-वीस निबंध, प्रत्येकाला सात मिनिटे. शेवटी प्रमाणपत्र, आणि आयएसबीएन क्रमांक असलेला जाडजूड ग्रंथ. २०१० नंतर प्राध्यापकांच्या बढतीला गुणांक लागू लागले, तेव्हापासून हे ग्रंथ फारच जाड झाले. असे ग्रंथ आम्ही पुष्कळ चाळले आहेत. त्यातल्या बहुतेक निबंधांचे मूळ एकच निघते : अनंत भालेरावांचे 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा'. भालेरावांनी घाम गाळून लिहिले, पुढच्यांनी त्यातला आपापल्या तालुक्याचा तुकडा कापून घेतला. कॉलिंगवूड नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ होऊन गेला, तो अशा लेखनाला कात्री आणि डिंकाचा इतिहास म्हणायचा. त्याचे म्हणणे असे की जोवर तुम्ही प्रश्न विचारत नाही तोवर समोरची वस्तू पुरावा होतच नाही, ती नुसती वस्तू असते. आमच्या चर्चासत्रांत प्रश्न नव्हता. योगदान होते, आणि ते आधीच ठरलेले होते.

सगळेच असे होते असे आम्ही म्हणत नाही. काही लघु प्रकल्पांत माणसे खरोखर गावोगाव हिंडली, शिलालेखांचे ठसे घेतले, म्हाताऱ्यांशी बोलली. पण त्यांचे अहवाल गेले कुठे? एक प्रत आयोगाकडे, एक महाविद्यालयाच्या कपाटात. ज्या गावावर अहवाल लिहिला त्या गावात प्रत नाही. शेजारच्या तालुक्यातल्या संशोधकाला असा अहवाल आहे हेच ठाऊक नाही. याला जाळे कसे म्हणायचे? गाठी होत्या, पण धागा वरच्या दिशेनेच जात होता, प्रत्येक गाठीतून अनुदान देणाऱ्याकडे. वरचा धागा तुटला आणि गाठी सुट्या पडल्या. पुनर्रचना हा शब्द आम्हाला खटकतो तो यासाठी. जे मुळात आडवे विणलेलेच नव्हते त्याची पुन्हा रचना कसली करता?

आणि आमच्या भागाला या विणकामाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. पुणे, सातारा, नाशिक, सोलापूर ही मुंबई इलाख्यातली. तिथे एकोणिसाव्या शतकात कॅम्पबेलच्या देखरेखीखाली गॅझेटियरचे जाडे खंड तयार झाले. त्यात चुका असतील, साहेबी नजर असेल, पण भांडायला तरी काहीतरी हाताशी आहे. निजामी मुलुखातल्या नांदेडचा सविस्तर जिल्हा गॅझेटियर आला तो १९७१ साली. लातूर जिल्हा तर जन्मालाच १९८२ मध्ये आला.

इथे मुद्दा येतो जिल्ह्याचा. जो तो म्हणतो, 'जिल्हा इतिहास केंद्र' काढा. पण आमच्याकडे जिल्हा हे इतिहासाचे माप होऊच शकत नाही. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबादला जोडले गेले आणि तिथून १९८२ मध्ये लातूरला आले. किनवट आदिलाबादेतून नांदेडला आले, मुधोळ नांदेडातून तिकडे गेले. म्हणजे उदगीरच्या एखाद्या गावाचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा तर कागद चार ठिकाणी : लातूरच्या तहसिलात, धाराशिवात, कर्नाटकातल्या बीदरला आणि हैदराबादेत तारनाक्याच्या अभिलेखागारात. तीन राज्ये झाली. शिवाय पाचवे ठिकाण, गावातल्याच एखाद्या वाड्याचा माळा. लातूरच्या जिल्हा केंद्राला बीदरशी काही कर्तव्य नाही आणि बीदरला उदगीरची आठवण नाही. निजामाच्या काळात मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणारी माणसे ज्या रेषांच्या अलीकडे-पलीकडे बिनदिक्कत सोयरिकी करत होती, त्याच रेषा आता आमच्या इतिहासकारांना ओलांडवत नाहीत.

बरे, माळ्यावरचा कागद सापडला, पुढे काय? पटवाऱ्याचे दप्तर, देशमुख-देशपांड्यांच्या सनदा, महजर, इनामाचे मुंतखब, लातूरच्या गंजगोलाईतल्या जुन्या आडत दुकानांच्या वह्या. लिपी मोडी, नाहीतर उर्दू, आणि तीही शिकस्ता वळणाची. छापील उर्दू वाचणाऱ्याच्याही डोळ्यांना ती चटकन लागत नाही. त्याहून मागे गेलात की फारसी. आज जो तो सांगतो, 'सर, सगळे स्कॅन करून टाकू, क्लाउडवर ठेवू'. ठेवा. पण एक साधे उदाहरण देतो. कागदावर १३५७ असे वर्ष आहे. ते हिजरी धरले तर १९३८ येते. फसली धरले तर हैदराबादच्या गणनेप्रमाणे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८. एकीकडे हैदराबादेतला सत्याग्रह, दुसरीकडे रझाकारांचे वर्ष आणि पोलीस ॲक्शन. एका आकड्यामागे दहा वर्षांचे अंतर, आणि ती दहा वर्षे म्हणजे आमचा सगळा आधुनिक इतिहास. महिन्याचे नाव आजूर, बहमन, खुर्दाद असे काही असेल तर ते फसली, हे ज्याला माहीत आहे तो एका नजरेत सांगतो. ज्याला माहीत नाही त्याच्या हार्ड डिस्कवर दहा हजार चित्रे असली तरी तो कोराच. चित्र म्हणजे वाचन नव्हे. हे न कळल्यामुळे आमच्याकडे स्कॅनर आले आणि वाचणारे गेले.

हा काही आमचा म्हातारपणीचा हट्ट नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी. आरक्षणाच्या प्रश्नावर आज आम्ही बोलणार नाही, तो या विषयाच्या बाहेरचा आहे. पण त्या काळात तहसिलांमध्ये काय झाले ते आठवा. खासरा पाहणी, जन्ममृत्यूची रजिस्टरे, शाळांचे दाखले, निजामकालीन जनगणना, सगळे बाहेर निघाले आणि एकदम लक्षात आले की मोडी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि जुने उर्दू दप्तर वाचणारे त्याहून कमी. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय निघाला, तेव्हा तर घराघरांत जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. ज्या कागदाला काल 'रद्दी' म्हणत होते त्यावर आज पोराची फी आणि नोकरी टांगलेली. अशा वेळी कागद वाचणारा माणूस तालुक्यात नसेल तर काय होते? बाहेरचा कुणी येतो, पैसे घेतो, काय वाचले ते सांगतो, आणि खरेखोटे तपासायला दुसरा कोणी नसतो. स्थानिक इतिहासाचे जाळे कशाला हवे, असे कोणी विचारले तर आम्ही राष्ट्रकूटांचे नाव घेत नाही. हे सांगतो.

राष्ट्रकूटांवरून आठवले. लातूरची कुठलीही पुस्तिका उघडा, पहिले पान लत्तलूरचे. राष्ट्रकूट स्वतःला लत्तलूरपुराचे स्वामी म्हणवत, हे कोरीव लेखांतून सिद्ध आहे, त्याचा अभिमान जरूर असावा. कंधारला किल्ला आहे, होट्टलला चालुक्यांची सुरेख मंदिरे आहेत, खरोशाला लेणी आहेत. पण पहिल्या पानावरून या पुस्तिका एकदम १९४८ वर उडी मारतात. मधली हजार वर्षे माणसे काय खात होती, पाणी कुठून आणत होती, कर कुणाला देत होती? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी तरी कोणी विचारायला हवे होते की या शहरातल्या जुन्या बारवा आणि विहिरी कधी आणि का बुजल्या. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात गावोगावच्या बारवा साफ करणारी आणि त्यांची नोंद ठेवणारी तरुण मंडळी उभी राहिली आहेत. त्यांना कुठल्याही आयोगाचा रुपया नाही. पण त्यांच्याकडे प्रश्न आहे, म्हणून त्यांचे काम आम्हाला चर्चासत्रांच्या ग्रंथांपेक्षा वजनदार वाटते.

आता पुनर्रचनेचे जे प्रस्ताव फिरताहेत त्यांच्याविषयी थोडे. एक म्हणतो, सगळे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या छपराखाली आणा. विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले ते याच भागासाठी, दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत, तेव्हा ही कल्पना वरवर रास्त दिसते. पण निलंग्याचा शेतकरी आपला मुंतखब घेऊन विष्णुपुरीला येणार नाही. त्याला भीती आहे, आणि ती भीती इतिहासातूनच आलेली आहे. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, मग कूळकायदा आला, मग इनामे गेली. जमीन कुणाच्या नावावर राहिली आणि कुणाच्या नावावरून गेली हे त्या कागदांत आहे. आजही अशी प्रकरणे कोर्टात चालू असतात. कागद दाखवला की भाऊबंद जागे होतात. 'संशोधनासाठी द्या' म्हणणाऱ्या प्राध्यापकाला लोक हसून चहा पाजतात आणि परत पाठवतात, त्यामागचे कारण हे.

दुसरा प्रस्ताव एखाद्या मोठ्या शिक्षणसंस्थेने पालकत्व घ्यावे असा. आमच्याकडे शिक्षणसंस्था आणि राजकारण यांची ताटातूट कधीच झालेली नाही. ज्याच्या नावाचा फलक त्याच्या घराण्याचा इतिहास आधी लिहिला जाणार. याविषयी जास्त बोलायला नको.

मग करायचे काय? तालुका हे माप धरा आणि इमारत विसरा. एका तालुक्यात एक ग्रंथालय, त्यात एक कपाट आणि एक रजिस्टर. मोडी वाचणारा एक आणि उर्दू वाचणारा एक. उदगीर, औसा, नांदेड इथे उर्दू माध्यमात शिकलेली निवृत्त मंडळी अजून आहेत, त्यांना शिकस्ता शिकवायला दोन-तीन महिने पुरतील. आमच्या तथाकथित जाळ्यात ही माणसे आजवर जवळजवळ नव्हतीच. इतिहास परिषदेला बोलावणे मराठीच्या आणि इतिहासाच्या प्राध्यापकांना, आणि निम्मे कागद उर्दूत! सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे. हैदराबाद संस्थानाच्या सेवेत राहून त्यांनी फारसी-उर्दू साधने मराठीत आणली, गोंडी आणि कोलामी भाषांची व्याकरणे लिहिली. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठी शिकवत होते, इतिहास नव्हे. दोघांनाही लघु प्रकल्प मिळालेला नव्हता. शेजारच्या तेरला रामलिंगअप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून सापडणाऱ्या वस्तू जमवल्या, त्या संग्रहाचे पुढे सरकारी संग्रहालय झाले. क्रम लक्षात घ्या : माणूस आधी, अनुदान नंतर.

इंग्लंडात १८९९ मध्ये परगण्यांचा इतिहास लिहिण्याची एक मोठी योजना निघाली, राणी व्हिक्टोरियाच्या नावाने. पैसा लवकरच अपुरा पडला. अनेक वर्षे एका संपादकाने ती जवळजवळ एकट्याने जगवली आणि १९३३ मध्ये लंडन विद्यापीठाच्या स्वाधीन केली. ती अजून चालू आहे, पुरी झालेली नाही. ती टिकली कारण प्रत्येक गावाची माहिती एकाच ठरावीक साच्यात, पुराव्याच्या उल्लेखासह लिहायची हे पहिल्यापासून पक्के होते. माणसे बदलली, पैसा आला-गेला, साचा राहिला. आम्हाला त्यांच्या राणीशी घेणेदेणे नाही, पण तो साचा हवा.

सगळ्यात निकड आहे ती बोलक्या साक्षीदारांची. १९४८ साली जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीकडे झुकला आहे. उमरीची बँक लुटली गेली ती आठवणारे, सीमेवरच्या कॅम्पांना भाकरी पोचवणाऱ्या बायका, रझाकारांच्या भीतीने रात्री गाव सोडून रानात झोपलेली पोरे. आणि त्यानंतरच्या आठवड्यांत जे झाले ते पाहिलेलेही. कासिम रझवी लातूरचा वकील, हे आम्ही सगळे सांगतो. पण पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. तिने सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले त्यांत उस्मानाबाद, बीदर आणि नांदेड होते, चौथा गुलबर्गा. म्हणजे आजचा लातूर आणि आजचा नांदेड. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवात व्यासपीठे पुष्कळ झाली, या गोष्टीला त्यांवर जागा क्वचितच मिळाली. ज्यांनी निजामाविरुद्ध प्राण दिले त्यांचा मान याने रतिभरही कमी होत नाही. ज्या म्हातारीने दोन्ही पाहिले, तिला एकच अर्धे सांगायला लावणे हा साक्षीचा अपमान आहे. आमच्या नैयायिकांनी शब्दप्रमाणाची अट घातली ती अशी : सांगणाऱ्याला विषय प्रत्यक्ष माहीत असावा आणि फसवण्याची इच्छा नसावी. त्यात ऐकणाऱ्याला काय सोयीचे आहे याचा उल्लेख कुठे नाही. अनुदानावर चाललेल्या सत्रांत मात्र ऐकणाऱ्याची सोय आधी बघितली जाई. पैसा गेला, तर निदान हा एक दबाव तरी गेला असे समजून ही नोंद आता घ्यायला हवी. नावे झाकून, पंचवीस वर्षे बंद ठेवण्याच्या अटीवर का होईना.

किल्लारीकडेही तसेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर बावन्न गावांची वस्ती नव्या जागी गेली. जुन्या गावात कुठल्या गल्लीत कुणाचा वाडा होता, मारुतीचा पार कुठे आणि दर्गा कुठे, हे मनात घेऊन बसलेली माणसे आता पंचेचाळिशीच्या पुढची आहेत. यासाठी एक मोठा कोरा कागद, पेन्सिल आणि चार म्हातारे एवढेच लागते. प्रत्येक गावात एक दुपार. औसा आणि निलंग्याच्या महाविद्यालयांनी एका उन्हाळी सुटीत मनावर घेतले तर बरेचसे उरकेल.

खर्चाचे कोणीतरी विचारणारच. वाचणाऱ्याला येण्या-जाण्याचे भाडे आणि दिवसाचे मानधन द्यावेच लागेल. फुकट काम मागायची आमची सवय वाईट आहे, आणि ती नेमकी उर्दू शिक्षकांकडे आणि ग्रंथपालांकडे मागितली जाते. तालुक्यातल्या पतसंस्था, बाजार समित्या, आडते यांच्याकडून ते उभे राहू शकते. त्यांच्याच वह्या आधी वाचल्या तर आणखी लवकर.

राहता राहिले रजिस्टर. त्यात रकाने थोडेच हवेत. कागद कुणाकडे आहे, गाव, लिपी, वर्ष आणि ते हिजरी की फसली, चार ओळींत आशय, वाचणाऱ्याचे नाव, आणि दुसऱ्या कोणी तपासले असेल तर त्याचे. मूळ कागद मालकाने घेऊन जायचा, ग्रंथालयाने ठेवून घ्यायचा नाही. शेवटचा रकाना : 'परत दिला', तारीख, मालकाची सही. हा रकाना भरलेला दिसला की पुढचा माणूस आपला रुमाल सोडतो. रजिस्टराची एक प्रत शेजारच्या तालुक्यात जावी, उदगीरची देगलूरला आणि देगलूरची उदगीरला, आणि सवड काढून एक बीदरलाही. सुरुवात कंधार आणि उदगीर या दोन ठिकाणी करायची असे काही मित्रांचे बोलणे झाले आहे. उर्दू वाचणारे दोघे उदगीरला तयार आहेत, कंधारला मोडीचा एकच आहे आणि तोही आमच्याच वयाचा. तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कंधार-लोहा भागातल्या कुणाला मोडी येत असेल, किंवा शिकायची तयारी असेल, त्यांनी व्याख्यान संपल्यावर संयोजकांकडे आपले नाव लिहून द्यावे.